जिवाणूंच्या विषामुळे होणारे जुलाब आणि औषधांची चाचणी : औषध विषाच्या आधी की नंतर?

मृदुला (धागाकर्ती)

जुलाबांवर अमुक संयुग किंवा तमुक वनस्पतीचा अर्क गुणकारी ठरल्याचे शोधनिबंध सतत प्रसिद्ध होत असतात, पण त्यांतले फारच थोडे पदार्थ रुग्णापर्यंत पोहोचतात. निधीची चणचण आणि औषध कंपन्यांची अनास्था ही कारणे नेहमी पुढे केली जातात आणि ती खोटी नाहीत. तरीही माझ्या मते पुष्कळदा दोष त्याच्या बराच आधी, चाचणीच्या आखणीतच शिरलेला असतो. प्रयोगशाळेत औषध आधी दिले जाते आणि विष नंतर. रुग्णाच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटा असतो. मुख्यतः या एका मुद्द्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. पटकीच्या जिवाणूचे विष दोन प्रकारच्या घटकांचे बनलेले असते. त्याचे पाच ‘बी’ घटक आतड्याच्या पेशीवरील जीएम-१ या गँग्लिओसाइडला (शर्करा जोडलेल्या मेदरेणूला) घट्ट धरतात आणि एक ‘ए’ घटक पेशीच्या आत जातो. आत गेल्यावर तो जीएस या प्रथिनावर एडीपी-रायबोजचा तुकडा चिकटवतो, त्यामुळे ते प्रथिन कायमचे ‘चालू’ राहते, अॅडेनिलेट सायक्लेज हे विकर थांबत नाही, ते बनवत असलेला चक्रीय एएमपी हा पेशीतील निरोप्या रेणू वाढत जातो आणि शेवटी सीएफटीआर नावाची क्लोराइडची वाहिनी उघडते. क्लोराइडच्या मागोमाग सोडियम आणि पाणी आतड्याच्या पोकळीत ओतले जाते. तीव्र पटकीत प्रौढ रुग्णाच्या शरीरातून ताशी एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते ते यामुळेच. लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की यात पेशी मरत नाही आणि आतड्याचे अस्तर शाबूत राहते; पण एकदा बदललेले प्रथिन सहजासहजी पूर्ववत होत नाही.

ई. कोलायच्या एका गटाचे उष्णतेने नष्ट होणारे विष याच वाटेने जाते. त्याच गटाचे उष्णतेला दाद न देणारे विष मात्र अगदी छोटे, जेमतेम 18 किंवा 19 अमिनो आम्लांचे असते. ते पेशीच्या पृष्ठभागावरील ग्वानिलेट सायक्लेज-सी या ग्राहीला (संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटून चक्रीय जीएमपी हा तसाच निरोप्या रेणू वाढवते. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूची विषे वाहिनी उघडत बसत नाहीत, ती पेशीचा आतला सांगाडाच ढासळवतात. शिगा विष तर पेशीतील प्रथिननिर्मिती बंद पाडते. ‘विषजन्य जुलाब’ या एका नावाखाली असे निरनिराळे आजार येतात, हे ध्यानात न घेता केलेल्या चाचणीचा निष्कर्ष कोणत्या आजाराला लागू करायचा, हा प्रश्न उरतोच.

केदार_जी

धागा वेळेवर आला. मी औषधनिर्माणशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. आमच्याकडे अतिसारविरोधी गुण तपासण्यासाठी सरसकट एरंडेल तेलाची पद्धत वापरतात : उंदरांना आधी अर्क पाजायचा, तासाभराने एरंडेल तेल द्यायचे आणि पुढचे चार तास पिंजऱ्याखालच्या शोषककागदावर किती ओले डाग पडतात ते मोजायचे. तुलनेसाठी लोपेरामाइड हे जुलाबांवरचे प्रचलित औषध असते. त्याच्या जोडीला कोळशाची पेज पाजून ती आतड्यात किती अंतर गेली, तेही पाहतो. या दोन चाचण्यांच्या आधारे ‘पटकीसारख्या जुलाबांवर उपयुक्त’ असे लिहिणे योग्य आहे का, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

मृदुला

केदार, माझ्या मते योग्य नाही. एरंडेल तेलातून सुटणारे रिसिनोलेइक आम्ल आतड्याच्या गुळगुळीत स्नायूंतील ईपी-३ या प्रोस्टाग्लँडिन-ग्राहीवर काम करते, हे 2012 मध्ये स्पष्ट झाले आहे. त्यात जिवाणूचे विष कुठेच येत नाही. शिवाय तुलनेला ठेवलेले लोपेरामाइड मुख्यतः आतड्याची हालचाल मंदावते. म्हणजे ज्या अर्काने हालचाल मंदावते तो या परीक्षेत हमखास उत्तीर्ण होणार, मग त्याचा स्रावाशी काही संबंध असो वा नसो. आतडे मंदावले की मल बाहेर कमी दिसतो, पण पाणी आतड्यातच साचत राहू शकते आणि ते रुग्णाच्या शरीरासाठी गमावल्यासारखेच असते. रक्ती आवेत किंवा शिगा विष सोडणाऱ्या ई. कोलायच्या संसर्गात तर आतड्याची हालचाल रोखणे धोक्याचे मानले जाते.

विषाचा परिणाम पाहायचा असेल तर विषच वापरले पाहिजे. शंभुनाथ डे यांनी कोलकात्यात हेच केले. 1953 मध्ये त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात पटकीचे जिवाणू सोडण्याची पद्धत मांडली आणि 1959 मध्ये जिवाणू गाळून काढलेल्या निव्वळ द्रवानेही तो तुकडा फुगतो, हे दाखवून दिले. पटकीचे विष स्वतंत्रपणे अस्तित्वात आहे याचा हा पुरावा होता. ‘बांधलेल्या आतड्याच्या वळशांची’ ती पद्धत आजही वापरात आहे.

प्रत्यक्षात ती कशी दिसते ते सांगते, कारण निबंधांत ती दोन ओळींत उरकलेली असते. उपाशी ठेवलेल्या प्राण्याला भूल देऊन आतडे बाहेर घेतात, आतील मल हलकेच धुऊन काढतात आणि ठरावीक लांबीवर दोऱ्याच्या गाठी मारून एकापाठोपाठ एक वळसे तयार करतात. दोन वळशांच्या मध्ये एक रिकामा तुकडा सोडतात, म्हणजे शेजारच्या वळशातील विष झिरपून घोटाळा होत नाही. एका वळशात फक्त मीठ-पाणी, एकात फक्त विष आणि बाकीच्यांत विष व औषध. सशात पटकीच्या विषासाठी साधारण 18 तास थांबतात, उंदरात चार ते सहा तास पुरतात. नंतर प्रत्येक वळशातील द्रव काढून त्याचे मिलिलिटर वळशाच्या सेंटिमीटरांनी भागतात. विषाचा वळसा टम्म फुगून काचेसारखा पारदर्शक दिसतो आणि मीठ-पाण्याचा चपटाच राहतो, त्यामुळे डोळ्यांनाही फरक कळतो. गाठ सैल राहिली किंवा रक्तवाहिनी दोऱ्यात अडकली, तर तो वळसा बाद करावा लागतो आणि किती वळसे बाद केले ते लिहावेच लागते.

उष्णतेला दाद न देणाऱ्या विषासाठी दोन ते चार दिवसांच्या उंदराच्या पिल्लांची चाचणी आहे. विष सरळ जठरात टोचतात, तीन-चार तासांनी आतड्याचे वजन उरलेल्या शरीराच्या वजनाने भागतात, आणि गुणोत्तर साधारण 0.083 च्या वर गेले की स्राव झाला असे धरतात.

आता धाग्याच्या मूळ मुद्द्याकडे येते. या चाचण्यांतही बहुतेक ठिकाणी औषध आणि विष एकत्र कालवून टोचतात. तसे केल्यावर औषधाने पेशीला वाचवले, की विषाशी चिकटून त्याला वळशातच निकामी केले, हे कसे ओळखणार? टॅनिन भरपूर असलेला कोणताही तुरट अर्क प्रथिनांना साकळवतो आणि विष हे प्रथिनच आहे.

साशंक

मृदुलाताई, टॅनिनचा मुद्दा बिनतोड आहे. मात्र ‘आधी औषध’ ही पद्धत सरसकट मोडीत काढणे मला पटत नाही. औषध कुठे काम करते हे ठरवायचे असेल, तर आधी देणे, एकत्र देणे आणि नंतर देणे या तिन्हींची तुलनाच उत्तर देते. आधी दिल्यावर चालते आणि नंतर दिल्यावर चालत नाही, असे दिसले तर औषध विषाच्या चिकटण्याला किंवा आत शिरण्याला अडवते असा अंदाज बांधता येतो. तिन्ही वेळा चालत असेल, तर ते बहुधा पुढच्या टप्प्यावर, म्हणजे वाहिनीवर काम करते.

शिवाय नंतर देऊनही अपयश येतेच, आणि त्याची कारणे वेगळी असतात. सीएफटीआर वाहिनी रोखणारी संयुगे 2002 नंतर हाती आली. पेशींच्या थरावर आणि उंदरांच्या बांधलेल्या वळशांत त्यांचे निकाल आशादायक होते. त्याच तत्त्वावरील आयओडब्ल्यूएच-०३२ हे संयुग पुढे माणसांपर्यंत गेले. निरोगी स्वयंसेवकांना देखरेखीखाली पटकीचे जिवाणू पाजून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले आणि प्लासिबोच्या (औषधासारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय गोळीच्या) तुलनेत जुलाबांत लक्षणीय घट दिसली नाही.

माझ्या मते यात बांधलेल्या वळशाचाही वाटा असतो. बंद वळशात औषध कुठेही जात नाही, तिथेच पडून राहते. जिवंत रुग्णाच्या आतड्यात मात्र लोंढा वाहत असतो आणि पोकळीच्या बाजूने वाहिनीला चिकटणारे औषध त्या लोंढ्याबरोबर वाहून जाते. याच अडचणीवर तोडगा म्हणून काही संशोधकांनी अवरोधकाला लेक्टिन (शर्करेला चिकटणारे प्रथिन) जोडून ते पेशीच्या पृष्ठभागावर घट्ट धरून ठेवण्याचा प्रयत्न केला होता. तेव्हा घड्याळाइतकेच महत्त्व प्रवाहाला द्यावे, अशी माझी पुरवणी आहे.

मृदुला

पुरवणी मान्य आहे. तिन्ही वेळांची तुलना करणारा निबंध क्वचितच दिसतो, माझी तक्रार तेवढ्यापुरती आहे.

अनिकेत

मी या क्षेत्रातला नाही, त्यामुळे प्रश्न भाबडा वाटल्यास सांभाळून घ्यावे. एवढ्या वाहिन्या आणि ग्राही यांच्या भानगडीत पडण्यापेक्षा, विष आतड्याच्या पोकळीत असतानाच त्याला पकडणारा एखादा पदार्थ पोटात दिला तर सगळेच मिटणार नाही का?

साशंक

अनिकेतराव, प्रश्न मुळीच भाबडा नाही. ही कल्पना अनेकांनी मोठ्या खर्चाने तपासली आहे आणि निकाल बहुतांशी निराशेचे आहेत.

शिगा विषाला पकडण्यासाठी सिन्सॉर्ब-पीके हा पदार्थ बनवला गेला. विष ज्या शर्करेला चिकटते तीच शर्करा त्याच्या कणांवर बसवली होती. रक्तातील पेशी फुटून मूत्रपिंड निकामी होण्याच्या, या विषातून उद्भवणाऱ्या गंभीर आजारात तो मुलांना देऊन पाहिला. 2003 मध्ये आलेल्या निकालात फायदा दिसला नाही. कारण उघड आहे : मूत्रपिंडाचा त्रास सुरू होईपर्यंत विष आतड्याची पोकळी सोडून रक्तात गेलेले असते.

डिफिसिलच्या विषांसाठी टोलेव्हामर नावाचे, विष टिपून धरणारे बहुवारिक (पॉलिमर) होते. मोठ्या तुलनात्मक चाचण्यांत उपचार यशस्वी होण्याचे प्रमाण टोलेव्हामर घेतलेल्यांत सुमारे 44 टक्के, मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक घेतलेल्यांत 73 टक्के आणि व्हँकोमायसिन हे दुसरे प्रतिजैविक घेतलेल्यांत 81 टक्के असे आले. जिवाणू जिवंत ठेवून नुसते त्याचे विष टिपत बसण्याची मर्यादा या आकड्यांत दिसते.

याच आजारात एक यशही आहे, आणि ते मृदुलाताईंच्या घड्याळाच्या बाजूने बोलते. विष ‘बी’ ला निकामी करणारे बेझलोटॉक्सुमॅब हे प्रतिपिंड 2016 मध्ये अमेरिकेत मान्य झाले, पण चालू जुलाब थांबवण्यासाठी नव्हे. प्रतिजैविकाच्या जोडीला देऊन आजार पुन्हा उलटू नये यासाठी. उलटण्याचे प्रमाण सुमारे 27 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर आले. म्हणजे पुढच्या हल्ल्याच्या हिशेबाने ते औषध विषाच्या ‘आधी’च दिले गेले. विष ‘ए’ विरुद्धच्या जोडीदार प्रतिपिंडाने काही भर घातली नाही, हेही त्याच चाचण्यांतून कळले. पुढे उत्पादकाने बेझलोटॉक्सुमॅब बाजारातून काढून घेतले.

डॉ. वसुधा

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथपर्यंतची चर्चा वाचून रुग्णाच्या खाटेपाशी काय मोजायचे, याविषयी लिहावेसे वाटले.

पटकीच्या रुग्णांसाठीची खाट मध्यभागी गोल भोक असलेली असते आणि खाली अंशांकित बादली ठेवलेली असते. दर काही तासांनी बादलीतील मलाचे मोजमाप घेऊन ते रुग्णाच्या वजनाने भागतात. पहिल्या 24 किंवा 48 तासांत प्रतिकिलो किती मिलिलिटर मल गेला, हा आकडा औषधाच्या चाचणीत सर्वांत विश्वासार्ह असतो. ‘दिवसातून किती वेळा झाले’ हा आकडा त्या मानाने फसवा आहे, कारण एका वेळी पन्नास मिलिलिटर जाणे आणि पाचशे जाणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लहान मुलींमध्ये मूत्र आणि मल वेगळे गोळा करणे कठीण असते, म्हणून अशा काही चाचण्यांत केवळ मुलगेच घेतले जातात; निष्कर्ष वाचताना ही मर्यादा लक्षात ठेवावी.

रेसेकॅडोट्रिलचे उदाहरण मला फार बोलके वाटते. हे औषध आतड्यातील एन्केफॅलिन हे नैसर्गिक संदेशवाहक टिकवून धरते आणि त्यातून स्राव कमी होतो. पेरूमधील लहान मुलग्यांवर केलेल्या आणि 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 48 तासांतील मलाचे प्रमाण प्लासिबोपेक्षा 46 टक्क्यांनी कमी आले. बांगलादेशात तीव्र पटकीच्या प्रौढ रुग्णांना तेच औषध दिले, तेव्हा लक्षणीय फायदा दिसला नाही. औषध तेच, पण एकीकडे बहुतांशी विषाणूजन्य आणि संमिश्र कारणांचे जुलाब होते, तर दुसरीकडे पटकीच्या विषाने सतत उघडी ठेवलेली वाहिनी.

आणखी एक गोष्ट. कोणत्याही नव्या औषधाची तुलना ‘काहीच न दिलेल्या’ रुग्णाशी करता येत नाही. प्लासिबोच्या गटालाही जलसंजीवनी, गरज पडल्यास शिरेतून द्रव, आणि पटकीत योग्य प्रतिजैविक मिळालेच पाहिजे. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आणले होते. हा पाया इतका भक्कम आहे, की त्यावर नव्या औषधाने मृत्यू आणखी कमी केले, असे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून औषधाकडून अपेक्षा वेगळी ठेवावी लागते : शिरेतून द्यावे लागणारे द्रव किती वाचले, रुग्ण किती लवकर घरी गेला. लहान मुलांमध्ये 10 ते 14 दिवस जस्त देण्याची शिफारस 2004 पासून आहे, तेही दोन्ही गटांना द्यावे लागते.

केदार_जी

वसुधाताई आणि सर्वांचेच आभार. आमच्याकडे दारुहळदीतील बर्बेरिनवर काम करण्याचा विचार चालू आहे. पटकीच्या रुग्णांत त्याचा उपयोग झाल्याचे ऐकले होते.

साशंक

बर्बेरिनची माणसांवरील चाचणी 1987 मध्ये प्रसिद्ध झाली आहे. 400 मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेने विषजनक ई. कोलायच्या जुलाबांत पहिल्या 24 तासांतील मल जवळजवळ निम्म्याने घटला. पटकीच्या रुग्णांत मात्र परिणाम फारसा नव्हता. ‘बर्बेरिन पटकीवर चालते’ असे जे ऐकिवात येते, ते पहिला निष्कर्ष दुसऱ्या आजारावर चढवल्यामुळे.

वनस्पतिजन्य औषधांत क्रोफेलेमरचेही उदाहरण पाहावे. क्रोटॉन लेक्लेरी या दक्षिण अमेरिकी झाडाच्या लाल चिकापासून ते बनवतात आणि ते सीएफटीआरसह कॅल्शियमवर चालणारी क्लोराइड-वाहिनीही रोखते. अमेरिकेत त्याला 2012 च्या अखेरीस मान्यता मिळाली ती एचआयव्हीचे उपचार घेणाऱ्यांच्या संसर्गजन्य नसलेल्या जुलाबांसाठी. कार्यपद्धती स्रावविरोधी असली, तरी मान्यता ज्या रुग्णांवर चाचणी झाली त्यांच्यापुरतीच मिळते.

केदार_जी

मग मी चाचणी कशी आखावी? आमच्याकडे उसिंग कक्ष आहे, पण तो फारसा वापरला जात नाही.

मृदुला

तो कक्ष असणे ही मोठीच सोय आहे. आतड्याचा पडदा दोन द्रवकोष्ठांच्या मध्ये ताणून बसवायचा आणि त्याच्या दोन बाजूंतील विद्युतदाब शून्यावर धरण्यासाठी किती प्रवाह द्यावा लागतो ते मोजायचे. क्लोराइडचा स्राव वाढला की हा प्रवाह वाढतो. माझी सूचना अशी, की आधी विषाने प्रवाह चढू द्यावा, तो स्थिरावल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच अर्क घालावा. सोबत विषाऐवजी फोर्स्कोलिन वापरलेला एक संच ठेवावा. फोर्स्कोलिन अॅडेनिलेट सायक्लेजला थेट चालना देते, त्यामुळे अर्काने विषाचा परिणाम थांबवला पण फोर्स्कोलिनचा नाही, तर अर्क बहुधा विषावरच किंवा त्याच्या आत शिरण्यावर काम करतो. दोन्ही थांबवले तर तो त्यापुढील टप्प्यावर आहे. पडद्याचा विद्युतरोध प्रत्येक वेळी नोंदवावा. रोध कोसळला असेल, तर प्रवाह कमी होण्याचे कारण पेशी मेल्या हेच असू शकते, आणि असे ‘औषध’ शोधल्याचा आनंद फार काळ टिकत नाही.

साशंक यांच्या प्रवाहाच्या मुद्द्यासाठी अर्क घालून परिणाम दिसल्यावर पोकळीच्या बाजूचा द्रव दोन-तीनदा बदलून पाहावा. धुतल्यावर प्रवाह लगेच पूर्ववत चढला, तर लोंढ्यात हे औषध टिकणार नाही. अर्कातील टॅनिन आधी काढून टाकलेला एक संचही हवा. बांधलेल्या वळशांच्या प्रयोगाकडे यानंतर वळावे, तेही संस्थेच्या प्राणिनीतिसमितीच्या परवानगीने. द्रव मोजणाऱ्याला कोणत्या वळशात काय टोचले आहे हे माहीत नसावे.

शेवटची तपासणी मात्र कोणीच करत नाही, आणि वसुधाताईंनी जलसंजीवनीचा उल्लेख केला म्हणून ती सुचली. जलसंजीवनी काम करते ती एसजीएलटी-१ या वाहकामुळे. तो ग्लुकोजबरोबर सोडियम आत ओढतो, पाणी त्यांच्या मागे जाते, आणि पटकीतही हा वाहक शाबूत असतो. आता वनस्पतींत याच वाहकाला रोखणारे पदार्थही असतात. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतील फ्लोरिझिन हे त्यांतले जुने आणि परिचित उदाहरण. समजा तुमच्या अर्काने स्राव तीस टक्क्यांनी घटवला आणि त्याच वेळी हा वाहकही अडवला, तर बादलीतील मल वाढू शकेल आणि पाजलेली जलसंजीवनी वाया जाईल. म्हणून लहान आतड्याच्या पडद्यावर पोकळीच्या बाजूने ग्लुकोज घालून प्रवाह किती चढतो ते अर्काशिवाय आणि अर्कासह पाहावे, आणि अखेरीस फ्लोरिझिन घालून तो चढ खरोखर याच वाहकाचा होता याची खात्री करावी. हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून बनवलेल्या टी-८४ पेशींवर करू नये, त्यासाठी लहान आतड्याचाच पडदा घ्यावा.

केदार_जी

ग्लुकोजची ही तपासणी आमच्या आराखड्यात नव्हती. ती आता सर्वांत आधी करतो. अर्काने वाहकच अडवला, तर पुढच्या वळशांसाठी प्राणी वापरण्याचे कारण उरणार नाही.